डस्टर घेऊन आलेली मुलगी

त्यांना शाळेत सगळे करवतबाई म्हणत. पोरं पाठीमागे म्हणत, शिक्षक चहा पिताना म्हणत, आणि शिपाई तर एकदा चुकून तोंडावरच म्हणून बसला होता. मग बिचारा जीभ चावून कितीतरी दिवस त्यांच्या वर्गापुढचा व्हरांडा दोनदा झाडत होता. नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. करवत जातानाही कापते आणि येतानाही कापते. बाई फळ्याकडे जाता जाता एकाला कापायच्या आणि खुर्चीकडे परतताना दुसऱ्याला.

मारायच्या मात्र कधीच नाहीत. हात उगारणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. "लाथा काय, गाढवही मारतं," असं त्या म्हणत. त्यांचं सगळं हत्यार तोंडात होतं. समोर उभ्या राहिलेल्या पोराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचं, त्याचं कुठे दुखतं ते हेरायचं, आणि नेमकं तिथेच बोट ठेवायचं. आवाज चढवायचा नाही. उलट सुरुवात अगदी लोण्यासारखी मऊ. "ये बाळा, ये. दमला असशील ना?" असं बाईंनी म्हटलं की वर्गाला कळायचं, आता ह्याचं काही खरं नाही. वर्ग खुशीत बाकांवर पुढे सरकून बसायचा. दुसऱ्याची बिनपाण्याने हजामत होताना बघायला कोणाला आवडत नाही?

बाई इतिहास शिकवत. वर्ग व्हरांड्याच्या अगदी टोकाला, आणि त्यापुढे उघडी गच्ची. सगळ्या वर्गांतली पोरं डस्टर झटकायला त्या गच्चीवर जायची. बाई नोकरीला नवीन असताना असाच एक वात्रट मुलगा गच्चीवर जायचा कंटाळा करून त्यांच्या दाराच्या चौकटीवरच डस्टर आपटायला लागला. खडूची भुकटी सगळ्या वर्गभर झाली. बाईंचं त्या दिवशी डोकं दुखत होतं. त्यांनी त्या मुलाला आत बोलावलं आणि असं काही सुनावलं की तो पांढराफटक पडून आपल्या वर्गात परतला, आणि घंटा होईपर्यंत त्याने मान वर करून बघितलं नाही.

शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांनी हा चमत्कार पाहिला. त्या मुलाने त्यांना वर्षभर रडकुंडीला आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुसरं एक द्वाड पोर निवडलं, त्याच्या हातात डस्टर दिलं आणि सांगितलं, "जा, बाईंना विचारून झटकून आण." बाईंनी सरांकडे पाहिलं, सर दाराआडून हळूच हसले, आणि बाईंना काय ते समजलं. त्यांनी त्यालाही सरळ केलं.

तेव्हापासून ती शाळेची रीतच झाली. कुठे लिहिलेली नाही, कोणी ठरवलेली नाही. ज्याला खरंच डस्टर झटकायचं तो परस्पर गच्चीवर जायचा. जो डस्टर घेऊन करवतबाईंच्या दारात उभा राहील, तो बोलणी खायला आलेला. त्याने काय केलंय हे कोणी बाईंना सांगत नसे आणि बाईही विचारत नसत. विचारायचं कशाला? डस्टर दिसलं की काम सुरू.

ह्यात बाकीच्या शिक्षकांची चांगलीच सोय झाली, हे सांगायलाच हवं. गणिताचे सर पोरांचे लाडके झाले. कधी आवाज चढवत नाहीत, कधी टाकून बोलत नाहीत, किती प्रेमळ, असं पालक म्हणायचे. का चढवतील आवाज? दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की आपले हात स्वच्छ राहतात. चित्रकलेच्या बाईंचंही तसंच, भूगोलाच्या सरांचंही तसंच. सगळ्या शाळेचं कडू एका तोंडात जमा झालं होतं, आणि बाकीची तोंडं गोडच्या गोड राहिली होती.

आणि करवतबाईंना त्याचं वाईट वाटत होतं का? छे. त्यांना अभिमान वाटत होता. खोटं कशाला बोला. आपल्याशिवाय शाळेचं पान हलत नाही असं वाटायला लागलं की माणूस काय हवं ते करतो. अधूनमधून एखादा जुना विद्यार्थी भेटायला यायचा. कोणी गॅरेजवाला, कोणी औषधांच्या दुकानात लागलेला. "बाई, तुम्ही तेव्हा बोललात म्हणून आज मार्गाला लागलो," असं म्हणायचा. बाई वरून "चल, मस्का लावू नकोस" म्हणायच्या, पण आतून सुखावायच्या. जे भेटायला यायचे त्यांचाच हिशेब त्या धरत. जे रस्त्यात दिसल्यावर पलीकडच्या बाजूला जायचे त्यांना कोण विचारायला गेलंय?

त्या वर्षी विज्ञान शिकवायला एक नवीन मॅडम आल्या. वयाने लहान, आवाज नाजूक, आणि शिक्षणशास्त्राची पुस्तकं ताजी ताजी वाचलेली. एका सकाळी त्यांना आपल्या टेबलाच्या खणात एक डस्टर सापडलं. मागच्या लाकडावर करवतबाईंच्या वर्गाचं नाव घातलेलं होतं. मॅडमनी वर्गाला विचारलं, "हे इतिहासाच्या बाईंच्या वर्गात कोण नेऊन देईल?"

वर्ग चिडीचूप. डस्टर घेऊन कुठे जायचंय हे ऐकल्यावर कोण हात वर करणार? एकीने केला. तीही त्याच वर्षी शाळेत आली होती, तिला काही माहीत नव्हतं. अबोल मुलगी. वर्गात कधी उत्तर द्यायची नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा हात वर केला. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी तिची पाठ थोपटली. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं ती कुठे चाललीय आणि तिचं काय होणार आहे. एकानेही तोंड उघडलं नाही. उलट दोघंचौघं तोंड दाबून हसली.

ती करवतबाईंच्या दारात आली तेव्हा बाई एका लढाईच्या ऐन रंगात होत्या. मुलीने डस्टर दोन्ही हातांत धरलं होतं, आणि तिच्या तोंडावर मोठं हसू होतं. मॅडमनी सोपवलेलं पहिलं काम होतं ते. वरचे दात जरा पुढे आलेले, त्यामुळे ते हसू होतं त्याहून मोठं दिसायचं.

बाईंनी डस्टर पाहिलं. मग हसू पाहिलं. बोलणी खायला आलीय आणि वर दात दाखवतेय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"या, या," बाई म्हणाल्या. "किती गोड हसू बाई! काय पराक्रम करून आलात?"

मुलगी अजून हसली. तिला वाटलं, बाई कौतुकानेच विचारताहेत.

"बाई, हे डस्टर..."

"डस्टर राहू दे. आधी ते दात आत घे, मग बोल."

वर्ग फुटला. मुलीने खरंच प्रयत्न केला. वरचा ओठ खाली ओढून तिने दात झाकायला बघितले. ओठ पुरेना. तिची ती धडपड बघून वर्ग आणखी हसला, आणि वर्ग हसला की बाईंच्या जिभेला धार चढायची.

"राहू दे, राहू दे. नाही मावायचे. दार लागत नसेल ना, तर निदान पुढे हात तरी धरावा माणसाने. बघणाऱ्यालाही जीव असतो."

मुलीने डस्टर टेबलावर ठेवलं. एक हात तोंडावर नेला आणि ती गेली. बाईंनी पुन्हा लढाई हातात घेतली. सगळं इतकं झटपट झालं, पाणी प्यायला थांबावं तसं.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत नवीन मॅडमनी सहज विचारलं, "बाई, तुमचं डस्टर मिळालं ना? आमच्या वर्गात आलं होतं. मी एका मुलीबरोबर पाठवलं. फार गुणी आहे हो. आज पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला तिने."

बाईंचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला. "तू परत पाठवलंस? नुसतं परत?"

"हो. का?"

गणिताच्या सरांनी मोठ्याने हसून मांडीवर थाप मारली. "अरे देवा! म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" सगळी खोली हसली. मॅडम हसल्या नाहीत, कारण त्यांना विनोदच कळला नव्हता. चित्रकलेच्या बाईंनी त्यांना रीत समजावून सांगितली, अगदी घरातली गंमत सांगावी तशी.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही मुलांना मुद्दाम अपमान करून घ्यायला पाठवता?"

"अपमान कसला?" गणिताचे सर म्हणाले. "आम्ही डस्टर झटकायला पाठवतो. तिथे पुढे काय होतं ते बाई जाणोत."

हे वाक्य बाईंनी नीट ऐकलं. इतकी वर्षं ज्यांची कामं त्यांनी केली, ते सर किती सहज हात झटकून मोकळे झाले.

मॅडमना गप्प बसवेना. "कडक बोलून पोर गप्प बसतं, पण शिकत नाही," त्या म्हणाल्या. "भीतीने गप्प बसलेल्याच्या डोक्यात काय जाणार?"

"पुस्तकं लिहिणाऱ्यांना वर्ग सांभाळावे लागत नाहीत," भूगोलाचे सर म्हणाले. "वर्गभर आरडाओरडा चालू असला की जो शिकायला बसलाय त्याच्याही डोक्यात काही जात नाही. त्याचं काय करायचं? एकाची पूजा करायची आणि चाळीसांना उपाशी ठेवायचं?"

"पुढच्या वर्षी विचारू ह्यांना," गणिताचे सर डोळे मिचकावून म्हणाले. "नव्याचे नऊ दिवस."

करवतबाई एरवी अशा वादात सगळ्यांना पुरून उरल्या असत्या. पण त्या दिवशी ओठ ओढून दात झाकायला बघणारं ते तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्या मुलीने काय गुन्हा केला होता? हात वर केला होता. वेळ मिळाला की बोलावून घेऊ आणि गैरसमज झाला म्हणून सांगू, असं त्यांनी ठरवलं. इतकं सोपं होतं ते, तेव्हा.

पण त्या संध्याकाळी शाळा सुटताना फाटकापाशी त्यांना आवाज ऐकू आला. "दार लाव गं, दार लाव! वारा येतोय!" पोरांचं एक टोळकं त्या मुलीमागून चाललं होतं. ती एक हात तोंडावर धरून भराभर चालत होती. शब्द बाईंचेच होते. एका दुपारीत व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचले होते. बाईंनी टोळक्याला दम दिला, पोरं पांगली. तोपर्यंत मुलगी कोपऱ्यावरून वळून गेली होती.

घरी त्या रात्री जेवताना त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान विजेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. संसार सुखाचा करायचा तर एक कान कामाचा आणि एक कान आरामाचा ठेवावा लागतो, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. त्यांनी कोशिंबीर पुढे सरकवली आणि म्हणाले, "जिभेला हाड नसतं बाईसाहेब. त्यातून तुमची तर सरकारमान्य."

"थट्टा नको. मी कधी असं लागेल असं बोलते का?"

यजमानांनी पाण्याचा पेला उचलला. बाईंनी मुलाला फोन लावला. मुलगा त्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात शिकलेला. आपलं पोर म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याला इतरांपेक्षा दोन शब्द जास्तच मिळायचे. आता दूरच्या शहरात होता, आणि फोन आला की खुशाली सांगून तो लगेच बायकोच्या हातात द्यायचा.

"खरं सांग," बाईंनी विचारलं, "मी वर्गात बोलायचे ते तुला लागायचं का रे?"

तो म्हणाला, "आई, आता काय त्याचं? थांब, ही बोलतेय बघ."

बाई सुनेशी नातवाच्या खोकल्याविषयी बोलल्या आणि फोन ठेवून दिला. असलं उत्तर करवतीपेक्षा वाईट. करवत निदान आवाज करते.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण व्हरांड्यात करवतबाई समोरून येताना दिसल्या की मुलींच्या स्वच्छतागृहात शिरायची. बाईंनी बोलावणं पाठवलं तर पोट दुखतंय म्हणून घरी गेली. शेवटी बाईंनी पत्ता विचारून तिचं घर गाठलं. घर म्हणजे पुढे इस्त्रीचं दुकान आणि मागे एक खोली. मुलगी कपडे पोचवायला गेली होती. दुकानात तिची आई उभी होती, गरम इस्त्री हातात. बाईंना बघताच तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि हात पुसले.

"बाई तुम्ही! ओळखलंत का मला? तुमच्याच हाताखाली शिकलेय मी."

बाईंनी ओळखलं नाही. पण बोलताना तिचा हात आपोआप तोंडापुढे येत होता, तो त्यांना दिसला. त्या हाताआड दात होते, लेकीसारखेच.

"काय केलं हिने आणखी?" आई घाबरून म्हणाली. "शाळेत जायचं नाही म्हणून रडत होती. विचारलं तर म्हणाली, बाई बोलल्या. मी म्हटलं, बाई उगाच कोणाला बोलत नाहीत. तुझंच काहीतरी चुकलं असणार. चांगल्या दोन ठेवून दिल्या."

बाई घाईघाईने म्हणाल्या, "अगं नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. ती नुसतं डस्टर द्यायला आली होती. मीच चुकले. हेच सांगायला आलेय."

आईने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, पोचलं. पण ती म्हणाली, "किती मोठं मन आहे बाई तुमचं. पोरीला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय."

"स्वतःवर घेत नाहीये गं. खरंच..."

"मला माहीत आहे ना. मलाही तुम्ही एकदा बोलला होतात. ठोकळा म्हणाला होतात. हिच्या डोक्यावर कपडे ठेवून इस्त्री करावी इतकं सपाट आहे, असं म्हणाला होतात. सगळे काय हसले होते!" ती स्वतःही हाताआडून हसली. "आणि बघा, शेवटी इस्त्रीच नशिबात आली. तुमचा शब्द खोटा होत नाही."

हे ती कुजकेपणाने बोलली असती तर बाईंना सोसलं असतं. टोमणा कसा परतवायचा हे त्यांना शिकवायला नको होतं. पण ती मनापासून बोलत होती. इतकी वर्षं ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं आणि स्वतःला त्याच्या मापाचं करून घेतलं होतं. गॅरेजवाले आणि औषधवाले भेटायला येत होते, तेव्हा ही इथे कोपऱ्यावरच उभी होती. बाई रोज ह्या दुकानावरून जात.

"तिला सांग मी आले होते," बाई कसंबसं म्हणाल्या. "सांग की चूक माझी होती."

"सांगते तर. बाई स्वतः दारात आल्या होत्या म्हणते, आता तरी नीट वाग."

बाई निघाल्या. इतकी वर्षं कमावलेला शब्द होता. करवतबाई बोलल्या म्हणजे खरंच, ही ख्याती शाळेने आणि त्यांनी मिळून उभी केली होती. आता तिला धक्का द्यायला गेल्या तर ती त्यांच्या स्वतःच्या बोलण्यानेही हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं, "आजपासून माझ्याकडे डस्टर पाठवायचं नाही. ज्याला ओरडायचंय त्याने आपापल्या तोंडाने ओरडावं."

"एका मुलीसाठी?" गणिताचे सर म्हणाले. "अहो, सुक्याबरोबर ओलंही जळतंच कधीतरी."

"जळणाऱ्याने म्हणावं ते. आपण काडी लावणारे आहोत." बाईंचा आवाज चढला नाही. "बोलूच नये असं मी म्हणत नाही. पोर चुकलं तर बोलावंच लागतं, प्रसंगी कडकही. पण त्याचं काय चुकलं हे ज्याला माहीत आहे त्याने बोलावं. ज्याला ते पोर उद्या पुन्हा बघायचंय त्याने बोलावं. मी कोण? मला नावं पण माहीत नसायची."

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. "बाई, तुम्ही शाळेचा कणा आहात," ते म्हणाले. "तुम्ही हात वर केलेत तर ही पोरं ऐकणार कोणाचं? गणिताच्या सरांचं?" हे म्हणताना त्यांनाच हसू आलं. बाईंनी चहा न पिताच परत पाठवला.

आणि खरंच, व्हरांडा बिघडला. गणिताच्या सरांच्या वर्गातून बाक आपटल्याचे आवाज यायला लागले. लाडक्या सरांनी एका मुलाच्या कानाखाली वाजवली, आणि पालक भांडायला आले. भूगोलाच्या सरांनी शिव्यांना सुरुवात केली, आणि त्यांना ते नीट जमेना. ज्यांनी कधी तोंड वापरलं नाही त्यांचं तोंड एकदम सुटलं की तोल राहत नाही. शिक्षकांच्या खोलीत बाई आल्या की बोलणं थांबायला लागलं. सगळ्यांना तेव्हा एकच दिसत होतं, की बाईंनी आपलं काम टाकलंय.

असं चाललं असताना एक दिवस बाईंच्या दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. हातात डस्टर.

"कोणी पाठवलं?" बाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"विज्ञानाच्या मॅडमनी."

भीतीने गप्प बसलेल्याच्या डोक्यात काय जाणार, असं विचारणाऱ्या मॅडमनी. बाईंना हसू आलं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. त्यांनी मुलाच्या हातातून डस्टर घेतलं, आपल्या वर्गाला धडा वाचायला सांगितला, आणि त्याला घेऊन मॅडमच्या वर्गाकडे निघाल्या. मॅडमना काय सांगायचं ते त्यांनी वाटेत जुळवलं होतं. आणि ती मुलगी त्याच वर्गात होती. स्वच्छतागृह नाही, पोटदुखी नाही. सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, तर सगळ्यांसमोरच चूक मान्य करायची, हेही त्यांनी वाटेतच ठरवलं. ती कबुली त्या मुलीपर्यंत पोचवण्याचा आता हा एकच रस्ता उरला होता.

वर्गात बाजार भरला होता. मॅडमचा आवाज बसलेला, डोळे लाल. बाई दारात दिसल्या मात्र, सगळा वर्ग जागच्या जागी थिजला. मॅडमनी हळूच म्हटलं, "बघा ना बाई जरा ह्याच्याकडे. मी थकले हो."

बाईंनी डस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मुलाला जागेवर बसायला सांगितलं. मग त्या शेवटच्या बाकाकडे वळल्या. ती तिथे एकटीच बसली होती, हात तोंडावर. तो हात आता तिच्या चेहऱ्याचाच भाग झाल्यासारखा दिसत होता.

"बाळा," बाई म्हणाल्या, "जरा उभी राहतेस?"

वर्गात कुजबूज झाली. बाकांवरची पोरं पुढे सरकून बसली.

"त्या दिवशी तू माझ्या वर्गात आलीस. तुझी काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. मी तुला फार वाईट बोलले, आणि मला त्याची लाज वाटते. माझ्यावर रागाव, पण ते शब्द मनात ठेवू नकोस. तुझं हसू चांगलं आहे."

वर्ग फिसकन हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "आता बघ हां, आता." डस्टर घेऊन आलेल्या त्या मुलाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. पोरांना करवतबाईंची रीत चांगली ठाऊक होती. आधी लोणी, मग सुरी. इतकं लोणी कधी लागलं नव्हतं, म्हणजे सुरीही तशीच येणार. सगळे वाट बघत होते.

"मी खरं बोलतेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. ह्यावर तर वर्ग खदखदून हसला.

मुलगीही वाट बघत होती. खांदे वर घेऊन, डोळे मिटून, मार चुकवायला अंग चोरावं तशी उभी होती. बाईंनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तशी ती भिंतीला जाऊन चिकटली. हाताआडून तिचा आवाज आला, अगदी समजूतदार, जणू तीच बाईंची समजूत काढत होती.

"परत नाही हसणार, बाई."

बाईंना पुढे एक शब्द सुचला नाही. आयुष्यभर कधी शब्दाला अडल्या नव्हत्या, आणि आता त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्या काहीच बोलेनात तसा वर्ग घाबरला. हसणं विरलं, बाकं स्थिर झाली, कोणी पान उलटलं तरी ऐकू यावं अशी शांतता पसरली. नवीन मॅडमनी बाईंकडे बघून उपकार झाल्यासारखी मान हलवली, खडू उचलला, आणि पुढचा धडा शिकवायला घेतला.